ओळ दोनशे बारा

कागल,
१२ ऑगस्ट २००७

प्रिय अतुल,

सप्रेम जयभीम. घरी सर्व क्षेम. तुझी सोनमवहिनी तुझी आठवण काढते. कोणत्या शब्दांत, ते पुढे लिहितो.

आधी एक कोडे. तुझ्याही लक्षात आले असेल की ज्या दिवशी आपण सर्वांत कमी राबतो, त्या दिवशीचा रिपोर्ट सर्वांत लांब निघतो. कारण सोपे आहे. सर्व्हरवर जमा केलेला बदल, म्हणजे कमिट, तेवढाच नोंदला जातो. चाळीस फायलींत एक नाव बदलले, तर चाळीस ओळी. तीन दिवस डोके शिणवून एक चूक सापडली, तर एक ओळ. विचारासाठी रकानाच नाही. वर्गात मी हे किती रंगून शिकवले असते!

रिपोर्ट काढणारा तो प्रोग्राम माझाच. फ्रीलान्स माणसाने आठवड्याचे काम आठवून लिहू नये, कमिटच्या इतिहासातून ते आपोआप निघावे. इतिहास खोटे बोलत नाही, असे मीच तुला सांगितले होते.

आता दुसरे कोडे. माझ्या घरी ब्रॉडबँड नव्हते. मी लिहिलेला कोड पेन ड्राइव्हवर घेऊन तुझ्या राजारामपुरीच्या खोलीवर यायचो आणि तू तो तुझ्या लॉगिनने जमा करायचास. सुरुवातीला तू शेजारी "सरांचे काम" असे लिहीत होतास. मीच रागावलो : "नोंदीत माणसाचे नाव नको, कामाचे वर्णन हवे." तू चांगला विद्यार्थी. लगेच ऐकलेस.

म्हणून काम देणाऱ्या कंपनीच्या पुण्यातल्या बैठकीत सहा महिन्यांचा रिपोर्ट पडद्यावर आला, तेव्हा माझ्या नावापुढे शून्य होते. कंपनीच्या मॅडमनी विचारले, "मग प्रसेनजीत नेमके काय करतात?"

मी तुझ्याकडे पाहिले. तू पाण्याची बाटली उघडत होतास.

पुढचे काम तुला एकट्याला मिळाले. मी तिथे का बोललो नाही? शिक्षकाने विद्यार्थ्याकडे साक्ष मागावी, हे मला जमले नाही. मागावी लागेल, असेही वाटले नव्हते.

घरी सोनम म्हणाली, "नाव न्हाय व्हय कुठंच? मग सा म्हैनं तुमी त्या अतुलकडं काय भजी खायाला जात हुतासा?" मी तिला कमिट म्हणजे काय, ते समजावू लागलो. ती उठून गेली.

शेवटी एक साधी परीक्षा. इथल्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या फाउंड्रीसाठी लिहिलेल्या कोडमधली वजनाची फाइल उघड. ओळ दोनशे बारा. मालाच्या वजनातून तो वाहणाऱ्या लाकडी गाड्याचे बारा किलो वजा होतात. जून ते सप्टेंबर मात्र चौदा. वजनकाट्यावरच्या बाबासोंनी जुलैत मला गाड्यापाशी उभे केले होते : "पावणं, आदी हात लावून बगा की, मग घाला तुमच्या काम्पुटरात!" मी हात लावला. तू त्या दिवशी आला नव्हतास.

चौदा का, ते इतिहास न चाळता सांग. सांगता आले, तर ती ओळ तुझी.

नियमाप्रमाणे खाली नाव लिहीत नाही.