गाडीत पाणी आणि माझा शांत स्वभाव

२ सप्टेंबर, सकाळी ७.१०
डॉक्टर म्हणाला, ब्लडप्रेशर वर आहे, राग आला की हात आवरा आणि वहीत लिहून काढा. मी म्हटलं, मला राग येतच नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्याच्या टेबलाची काच तडकली. काचच हलकी होती. तरी वही आणली. डॉक्टरचंही मन राखावं लागतं.

वाचणारा मीच, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. तीस वर्षांपूर्वी एक पाना घेऊन लोकांचे गळके नळ दुरुस्त करत फिरत होतो. आज स्वतःचा रबरी वॉशरचा कारखाना आहे. पाटीवर लिहिलंय : ‘भोक दाखवा, बंद करतो.’ वाक्य माझं. पाटी धाकट्याने रंगवली.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. पहिल्या दिवसापासून बरोबर. गेल्या महिन्यात चुकीच्या मापाचा माल गेला, त्यावर चर्चा चालू असताना माझा हात त्याच्या गालाला लागला. सगळी शिफ्ट उभी होती. शेडला पत्रा आहे, त्यामुळे आवाज उगाच मोठा वाटला. दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज दिला. टाईप केलेला! सख्ख्या भावाला! तीस तारखेला दुसऱ्या गावी पंपाच्या कारखान्यात चाललाय.

जाणार नाही. मी बंदोबस्त केलाय. उघड्या टपाची गाडी घेतली, जुनी, हिरवी, दोनच सीटची. चौदाव्या वर्षी त्याने अशाच गाडीचं चित्र खाटेशेजारच्या भिंतीवर चिकटवलं होतं. वीस तारखेला तो पन्नास वर्षांचा होतो. त्या दिवशी कापडी टप मागे टाकायचा, त्याला शेजारी बसवायचं, लांब न्यायचं. वाटेत जे बोलायचं ते बोलेन.

ही म्हणाली, गाडी कशाला? ‘चुकलं’ म्हणा की. एका शब्दाचं काम.
बायकांना वस्तूची किंमत नसते.

५ सप्टेंबर
गाडी धुतली. बाजूच्या सीटखाली पाय ठेवला तर कार्पेट पचकन वाजलं. आत पाणी.
हसू आलं. गळती, आणि माझ्या अंगणात!
दोन दिवसांचं काम.

६ सप्टेंबर, सकाळी
माझे कान तिखट आहेत. भिंतीतला पाईप कुठे गळतो ते नुसतं ऐकून सांगत असे. आजही स्क्रूड्रायव्हरचं टोक गाडीला आणि मूठ कानाला लावून तासभर ऐकलं. टप्... टप्... डावीकडे, पुढे. डावीकडचं सगळं खोललं. हिने सांगितलं की स्वयंपाकघरातला नळ नीट बंद नव्हता.
डावीकडचे चार स्क्रू उरलेत. कंपनी जास्तच देते.

८ सप्टेंबर
शास्त्रीय पद्धत. मी टॉर्च घेऊन आत. टप बंद. ही बाहेर पाईप घेऊन. सूचना : पुढून मागे, सावकाश. मध्येच ती बाहेरून काहीतरी बोलली. ऐकू येईना म्हणून काच खाली केली. पाणी थेट तोंडात. काय विचारत होतीस म्हटलं तर म्हणाली, काच नीट वर आहे ना?

मी शांत राहिलो. पाईपचे तीन तुकडे झाले, पण पाईप जुनाच होता.

फायदा झाला मात्र. काचेवरचं रबर ढिलं आहे हे कळलं. आमच्याच कारखान्याची जाड पट्टी बसवली. दार लागेना. खांदा दिला. मग लाथ दिली. मग अंगणाच्या कडेची विटेची रांग होती, त्यातली एक वीट दिली. दार लागलं.
आता उघडत नाही. आत जायचं तर टपातून.

९ सप्टेंबर
धाकटा सहीला केबिनमध्ये आला. म्हणाला, तुम्ही इथे सही करा, तुम्ही तारीख टाका. जन्मभर मला ‘अरे दादा’ म्हणणारा माणूस आता ‘तुम्ही’ म्हणतो. मान देतोय. बर्फ वितळतंय.
गाडीचा विषय काढला नाही. सरप्राइज.

१० सप्टेंबर
कार्पेट अजून ओलं. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर बाल्कनीतून म्हणाले, पाणी हा पदार्थ उताराकडे जातो. म्हटलं, माहीत आहे. म्हणाले, नाही, नीट समजून घ्या. मग गाडीकडे बघून, अहो हे झाकण आहे की पायजमा?
वर गेलो. संबंध चांगले राखावेत म्हणून. परत येताना त्यांची कुंडी माझ्या पायात आली. कुंडी कठड्यावर होती हे खरं, पण आली.

संकल्प : उद्यापासून राग आला तर शंभरपर्यंत मोजणे. (राग येत नाहीच. सराव म्हणून.)

१२ सप्टेंबर
हिच्या हट्टापायी गाडी गॅरेजवाल्याला दाखवली. दार त्याने एका हाताने उघडलं, तेही शीळ घालत. सीटमागे बोट घातलं, बोट हुंगलं, आणि म्हणाला, शेठ, पाणी येतं कुठून ते सोडा. जात का नाही ते बघा.
म्हटलं, तीस वर्षं हेच काम करतोय मी.
म्हणाला, नळाचं. ही गाडी आहे. हिला रडूही द्यायला लागतं.
आणि हसला.

मोजायला सुरुवात केली. अकरापर्यंत पोचलो. मग त्याची कॉलर सरळ केली. त्याने पाना घेतला, मी जॅकचा दांडा घेतला, विचारांची देवाणघेवाण झाली. माझ्या भुवईला चार टाके. त्याचा पुढचा एक दात गेला; तो आधीपासून हलत असावा. टाके घालताना डॉक्टरने विचारलं, वही लिहिता ना? म्हटलं, रोज.

एकूण आठवडा बरा.

१५ सप्टेंबर, दुपारी ४
सापडलं!!
गाडीखाली उताणा झोपलो होतो. ही बादलीने टपावर पाणी ओतत होती. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, बोटाएवढ्या नळीतून, थेंब... थेंब. दुसऱ्या बाजूलाही तसंच. म्हणजे गाडी उघडउघड दोन ठिकाणी गळतेय आणि तो शहाणा शीळ घालतोय! सीटमागच्या पन्हाळीत बघितलं तर तिथेही दोन भोकं, गोल, सुबक, पाल्याने अर्धी भरलेली. कंपनी एवढी निष्काळजी असेल असं वाटलं नव्हतं.

चारही बुजवली. वर सात नंबरचा वॉशर, त्यावर आमचं काळं सीलंट, दोन हात. बोटाने गुळगुळीत केलं. मास्तरांनाही दाखवलं. ते म्हणाले, बरं बरं, आणि उरलेल्या कुंड्या आत घेतल्या.
पाच दिवस हातात. उशीवर डोकं ठेवताच झोप लागणार.

१६ सप्टेंबर
पहाटेपर्यंत पाऊस होता. सकाळी दार ओढलं तर निम्मं पाणी बुटांवर. मग ओल दिसली : सीटच्या वरपर्यंत. उरलेल्या पाण्यात टॉर्च तरंगत होता. पेटलेला.

मी शांत होतो. हे मुद्दाम लिहून ठेवतो. शांतपणे कार्पेट ओढलं, ते निघेना म्हणून चाकू आणला. कार्पेट कापलं. खालचा फोम कापला. सीट उपटली, ती भिंतीवर ठेवली. म्हणजे भिंतीच्या दिशेने ठेवली. डॅशबोर्डला मूठ लागली. परत लागली. पाचव्यांदा घड्याळाची काच गेली आणि माझ्या दोन बोटांची सालं. आरशाचं काय झालं आठवत नाही, पण तो मास्तरांच्या बाल्कनीत मिळाला. शेवटी चाकू ठेवायला जागा बघत असताना तो टपाला लागला. एक हात लांब.

ही दारात उभी होती. चाकू माझ्या हातातून घेतला, धुतला, आणि कपाटात ठेवून किल्ली ब्लाउजमध्ये टाकली.

१७ सप्टेंबर
बोटांना बँडेज. डाव्या हाताने लिहितोय.
हिला सहज म्हटलं, धाकटा हल्ली मला ‘तुम्ही’ म्हणतो, किती सुधारला. ती भाजी चिरायला बसली होती. चाकू कपाटात, म्हणून विळीवर. म्हणाली, सुधारला नाही हो. लांब केलंय त्याने तुम्हाला. दुकानदाराला म्हणतो तसं म्हणतोय.
मी म्हटलं, काहीतरीच.
विळीचा आवाज मोठा होता. नीट ऐकू आलं नसेल मला.

१९ सप्टेंबर
तीन दिवस राबलो. टप शिवला (जाड दोरा, जुळतं कापड मिळालं नाही). सीट बसवली. नवं कार्पेट. डॅशबोर्डवर फुलांचं स्टिकर. सगळ्या सांध्यांना परत सीलंट. हातोडी घेऊन पत्राही सरळ केला. तळाशी थोडं पाणी अजून वाजतं, पण ते मला एकट्यालाच ऐकू येणारं.
उद्या सकाळी नऊला. वाक्य पाठ केलंय. आरशासमोर तीनदा म्हटलं. ‘चु’पर्यंत नीट येतं.

२० सप्टेंबर, दुपारी
घाईत लिहितोय. हॉस्पिटलच्या बाकावर.

हिने मला न सांगता धाकट्याला सकाळीच बोलावलं होतं. काय सांगितलं कुणास ठाऊक. मी आंघोळ करून, नवा शर्ट घालून, रबरी हातोडा घेऊन बाहेर आलो, शेवटचा एक ठोका राहिला होता म्हणून. बघतो तर गाडीखालून दोन पाय. कुणीतरी सायकलच्या ब्रेकची तार माझ्या बुजवलेल्या भोकात खुपसतंय. माझं सीलंट बाहेर काढतंय. माझं काम!

मी आवाज दिला. आवाजाबरोबर हातोडाही गेला. माणूस वळून बाहेर येत होता, त्यामुळे हातोडा खांद्यावर बसला. कट् असं ऐकू आलं. माझे कान तिखट आहेत.

त्याच क्षणी मागच्या दोन्ही चाकांपाशी पाणी सुटलं. धो धो. तीन-चार बादल्या तरी. धाकटा त्या पाण्यात बसून, खांदा धरून म्हणाला, अरे दादा, तू वेडा आहेस का? ही भोकं कंपनीनेच ठेवलीत. टपावरचं पाणी इथून बाहेर जायला. पाल्याने तुंबली होती, तू तर वर लांबी भरून बंदच केलीस!

मला ‘तू’ म्हणाला. इतकं बरं वाटलं की हातोडा खाली ठेवायला विसरलो.

मग सांगितलं, गाडी तुझीच आहे, वाढदिवसाची. त्याने गाडीकडे बघितलं. शिवलेला टप, चेपलेलं दार, फुलांचं स्टिकर. हसला. हसताना खांदा दुखला, म्हणून थांबला. मग माझ्या हातातल्या हातोड्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे. मी तोंड उघडलं. ‘चु’ म्हटलं. मास्तर वरून ओरडले, अँब्युलन्स बोलावू का?

२१ सप्टेंबर
हाड मोडलंय. सहा आठवडे हात गळ्यात. डॉक्टरने विचारलं, कसं झालं? धाकटा म्हणाला, पाण्यात घसरलो. डॉक्टरने माझ्याकडे बघून विचारलं, वही?
म्हटलं, संपत आली.

आता मोडक्या हाताने त्याला पंपवाले कशाला घेतील? देवाने वाईटातून चांगलं केलं म्हणायचं.

२४ सप्टेंबर
पंपवाल्यांचा फोन आला. टेबलावरचं काम देतो म्हणाले, हात बरा होईपर्यंत. लोक उगाच चांगले वागतात.

२७ सप्टेंबर
गाडीवर तीन तास पाणी सोडलं. हिने धरलं नाही, मीच धरलं. मागच्या चाकांपाशी दोन्हीकडून सरळ धार लागली आणि आत एक थेंब नाही. सीटवर कागदी रुमाल अंथरले होते. सगळे कोरडे. चार भोकं उघडी ठेवायची, एवढंच काम होतं. दहा मिनिटांचं.
गॅरेजवाल्याकडे जाऊन सांगावंसं वाटलं. गेलो नाही. तिथे पाने फार आहेत.

३० सप्टेंबर, सकाळी ८.४०
धाकट्याची नऊची बस. रात्रभर पाऊस होता, अजून भुरभुर होती. गाडी काढली. टप बंद, काचा वर. वळणावर तो चालत दिसला. एक हात गळ्यात, दुसऱ्यात बॅग. शेजारी थांबवली. दार आतून ढकललं. एका धक्क्यात उघडलं.

म्हटलं, बस. सोडतो.
म्हणाला, नको.
म्हटलं, अरे, भिजतोयस.
त्याने वाकून आत बघितलं. बराच वेळ. मग म्हणाला, नको, दादा. सीट ओली आहे, पँट खराब होईल.
आणि गेला.

सीट कोरडी होती. मी दोनदा हात लावून पाहिला.