पंच्याऐंशीची लेन्स

आप्पा,

मागच्या आठवड्यात सांगलीला जाऊन नवा कॅमेरा घेतला. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, त्यामुळे हा कॅमेरा समजावून सांगायचा तर थोडं मागून यायला हवं. तुमच्या कॅमेऱ्यात आरसा होता. बटण दाबलं की तो वर जायचा, खटॅक असा आवाज व्हायचा, आणि तो आवाज आला की समोरचा माणूस रोखलेला श्वास सोडायचा. माझ्या आतापर्यंतच्या डिजिटल कॅमेऱ्यातही आरसा होताच, फक्त रोल गेला होता. या नव्यातून आरसाही काढून टाकलाय. डोळा लावला की आत एक छोटासा पडदा दिसतो, टीव्हीसारखा, आणि फोटो कसा येणार ते बटण दाबायच्या आधीच त्यात दिसतं. हाच कॅमेरा व्हिडिओही काढतो. फोटोवाला वेगळा आणि व्हिडिओवाला वेगळा, हे आता राहिलं नाही. इस्लामपुरात माझ्या स्टुडिओत येणारी पोरं सरळ विचारतात, काकी, तुमच्याकडे हायब्रीड आहे का? एकाच माणसानं दोन्ही काढायचं म्हणजे हायब्रीड. ऊस आणि बियाण्यापलीकडे हा शब्द कुठं ऐकू येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

घरात मी हेच कारण सांगितलं. आमच्या ह्यांना म्हटलं, व्हिडिओ लागतोय लोकांना, जुन्या कॅमेऱ्यावर भागत नाही. ते शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझी बॅग उचलायला लग्नांना येतात, त्यामुळे त्यांनाही पटलं. शिवाय गेल्या सीझनला आष्ट्याच्या एका लग्नात माझे बरेच फोटो मऊ आले होते. कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले, तर नवरीच्या कानातले झुबके स्पष्ट आणि डोळे धूसर. मी म्हटलं, कॅमेरा थकला. ह्यांनी मान डोलावली.

फोटोबद्दलचं तुमचं पहिलं वाक्य मला अजून तसंच आठवतं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. रहिमतपूरच्या घरात स्वयंपाकघराला लागून असलेली कोठी तुम्ही फोटो धुवायला घेतली होती. दुपारी खिडकीला घोंगडं लावून तुम्ही आत बसायचे आणि आई बाहेरून ओरडायची की मला तांदूळ काढायचेत, दार उघडा. तुम्ही म्हणायचे, थांब, माणूस उमटतोय. मी तुमच्या शेजारी उभी आहे. लाल दिव्यात तबकातला कागद पांढरा आहे, मग त्यावर टोपी येते, मग मिशी येते. रजा संपवून पलटणीत परत निघालेला कुणीतरी जवान आहे, शेजारी त्याची बायको, मांडीवर मूल. तुम्ही चिमट्यानं कागद हलवता आणि मला म्हणता, "हितं बघ. हिच्या कुकवावर न्हाई, डोळ्यावर फोकस धरलाय. डोळा धरला की माणूस आला. कुकू काय, सगळ्यांचं सारखंच असतंय." त्या जवानांना तुम्ही एक कॉपी जास्तीची द्यायचे, पाकिटात मावेल एवढी कापून. का, असं मी कधी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाही.

लग्न होऊनही मी तुमच्याच स्टुडिओत आले, कारण ह्यांची शाळा रहिमतपुरातच होती. कामाची वाटणी तुम्हीच करून दिली. हळद, बांगड्या, डोहाळजेवण हे माझं. बायकांना बाई बरी पडते, असं तुम्ही सगळ्यांना अभिमानानं सांगायचे. पण अंतरपाट तुमचा. भटजी शेवटचं मंगलाष्टक म्हणायला लागले की तुम्ही पुढे, आणि मी मागे, हातात फ्लॅशची छत्री घेऊन. असं दहा वर्षं. तेव्हा तुम्ही साताऱ्याहून तो आपोआप फोकस करणारा कॅमेरा आणि ती पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स आणली होती, चेहऱ्यांसाठी. आणलीत खरी, पण तो आपोआपपणा तुम्ही पहिल्याच आठवड्यात बंद केला आणि हातानंच फोकस करत राहिलात. मी विचारलं तर म्हणालात, यंत्राला काय कळतंय कुठल्या डोळ्यावर थांबायचं ते.

मग ते सुभेदारांच्या मुलीचं लग्न आलं. सुभेदार निवृत्त होऊन गावाकडं ऊस बघत होते, एकुलती एक मुलगी, मांडवात अर्धी पलटण. तुमची साखर तोवर बरीच वाढलेली होती. तुम्ही पायरी चुकायला लागला होतात, पेपर दाराशी नेऊन वाचत होतात. मी हे सगळं बघत होते आणि काही बोलत नव्हते. साताऱ्याच्या लॅबमधून प्रिंट आल्या त्या मीच उघडल्या. अंतरपाट दूर होतानाचे सगळे फोटो धूसर होते. हार घालताना, सप्तपदीला, पाठवणीला, सगळीकडे मागचा पडदा स्पष्ट आणि माणसं धुक्यात. बापानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवलेला एक फोटो होता. त्यात सुभेदार फक्त फेट्यावरून ओळखू येत होते.

दोन दिवसांनी ते अल्बम न्यायला आले. तुम्ही खुर्चीत बसलेले, मी काउंटरमागे. त्यांनी पानं उलटली आणि शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. माणसं वळकू येत्यात की." त्यांनी एवढं सांभाळून घेतलं होतं. तिथं विषय संपला असता. मीच बोलले. त्यांच्यासमोर बोलले. म्हटलं, "दिसत नाही तर सांगायचं ना आप्पा. लोकांची लग्नं काय पुन्हा होतात?"

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. मांडीवरचा रुमाल दोनदा उलगडलात, घडी केलीत आणि म्हणालात, "खरं हाय तुझं."

सुभेदारांनी अल्बम बंद केला. ते मला म्हणाले, "पोरी, नजर कमी झालेल्याला आमच्यात बी माघारी धाडत्यात. पर सलाम करून धाडत्यात." आणि तुम्हाला हात जोडून ते निघून गेले. पायरीवर त्यांची काठी वाजली, ती मी पाठमोरी राहून ऐकली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कॅमेऱ्याची बॅग माझ्या काउंटरवर आणून ठेवलीत. लेन्स वेगळी काढून फडक्यानं पुसलीत, माझ्या हातात दिलीत. म्हणालात, "चेहऱ्याला हीच लाव. दोन पावलं मागं सरावं लागतंय हिला, तेवढं सर." आम्ही तुम्हाला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले, पडदाच खराब झालाय, दोन वर्षं आधी आणायला हवं होतं. पुढची पाच वर्षं तुम्ही स्टुडिओच्या दारात खुर्ची टाकून बसलात. पासपोर्टच्या फोटोला आलेल्या माणसाला नुसत्या आवाजावरून सांगायचे, हनुवटी खाली घ्या, खांदं सोडा. आणि गंमत म्हणजे ते बरोबर असायचं. मी आतून बघायची तर त्या माणसाचे खांदे खरंच ताठलेले असायचे.

तुमच्यामागं ह्यांची बदली झाली, आम्ही इस्लामपूरला आलो. कॅमेरे बदलले, रोल गेले, पण लेन्स तीच राहिली. तुमच्या त्या कॅमेऱ्याच्या घराण्यातलाच डिजिटल मी घेतला, म्हणून ती बसत राहिली. कितीतरी नवऱ्यामुली तिच्यातून बघितल्या. म्हणून सांगलीला जाताना मी सगळ्या लेन्स पिशवीत घालून नेल्या होत्या, काय चालतं आणि काय नाही ते बघायला.

दुकानदार तिशीतला, नीट समजावून सांगणारा होता. नव्या कॅमेऱ्याचं तोंड मोठं आहे, त्यामुळे जुन्या लेन्स थेट बसत नाहीत. मधे एक कडं घालावं लागतं, त्याला अ‍ॅडॅप्टर म्हणतात. लांबचं जवळ आणणारी माझी मोठी लेन्स त्यानं लावली, ती सुरळीत चालली. रोजच्या कामाला एक झूम लागणार होती, त्यात दोन होत्या. एक हलकी, लांबपर्यंत जाणारी, पण कमी उजेडात आंधळी. दुसरी वजनदार, पण मंगल कार्यालयातल्या पिवळ्या अंधारातही उजेड ओढून घेणारी. हे म्हणाले, खांद्याचा विचार कर. मी वजनदार घेतली.

मग त्यानं कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, सरांकडे धरा. मी ह्यांच्याकडे धरला. पडद्यावर एक छोटी चौकट आली आणि थेट ह्यांच्या डाव्या डोळ्यावर जाऊन बसली. हे मान वळवून शोकेसकडे बघू लागले, चौकट उजव्या डोळ्यावर गेली. चष्मा काढला, पुन्हा घातला, मागं चालत गेले, तरी चौकट डोळा सोडेना. दुकानदार म्हणाला, "ताई, आता फोकसची काळजीच सोडा. नाचणारा माणूस असला तरी हा डोळाच धरतो."

आप्पा, मला स्टुलावर बसावं लागलं. हे विचारायला लागले, चक्कर येते का, चहा मागवू का. मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं.

थोड्या वेळानं मी पंच्याऐंशीची लेन्स पुढे केली. त्यानं ती कड्यावर बसवली. बसली, चित्रही दिसलं. चौकट ह्यांच्या डोळ्यावर जाऊन थांबलीही. पण लेन्स हललीच नाही. डोळा धूसर तो धूसरच. दुकानदार म्हणाला, हिच्यात स्वतःची मोटार नाही, जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात मोटार असायची, ती हिला फिरवायची. नव्याच्या पोटात ती नाही. हातानं फिरवावी लागेल, नजर चांगली असेल तर काही अडत नाही. मी हातानं फिरवून बघितली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मला डोळा कुठं येतोय ते कळेना. त्यानं बघितलं आणि एका झटक्यात आणून दाखवला. मग मी म्हटलं, नवी पंच्याऐंशीची पण दाखव, मोटारवाली. तीही घेतली. जुनी एक्सचेंजला देता का, असं त्यानं विचारलं. मी ती फडक्यात गुंडाळून परत पिशवीत घातली.

येताना पुलावर गाडी थांबवायला सांगितली आणि ह्यांना खरं ते सांगितलं. कॅमेरा थकलेला नाही. वर्षभर झालं, मला उजव्या डोळ्यानं मधोमध धुरकट दिसतंय. व्हिडिओसाठी म्हणून नाही, डोळा धरणारा कॅमेरा हवा होता म्हणून घेतला. तुमची साखर माझ्यात आलीय, हे त्यांना माहीत होतं. बाकीचं नव्हतं. ते नदीकडे बघत एवढंच म्हणाले, उद्या मिरजेला जाऊ. वर्षभर थांबलीस कशाला, असंही विचारलं नाही. मला वाटतं, तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं तसं कुणी मलाही ऐकवेल याची मला भीती होती, हे त्यांना कळलं असावं. मी तुम्हाला ऐकवलं तसं, असं म्हणायला हवं.

मिरजेच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, वेळेत आलात. डोळ्यात इंजेक्शनं द्यायची, महिन्याला एक. पहिलं झालं. त्यानंतर चार दिवसांनी एक साखरपुडा होता, तो हे नको म्हणत असताना मी केला. एकही फोटो चुकला नाही. मुलीचे वडील मोबाइलवर फोटो बघून म्हणाले, लय झ्याक. मला आनंद झाला, आणि तो पूर्ण माझा वाटला नाही.

एवढं सगळं लिहून झाल्यावर जे लिहायचं होतं ते राहिलंच आहे. त्या दिवशी सुभेदारांसमोर मी बोलले ते रागानं बोलले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. लोकांच्या लग्नाची काळजी म्हणून, धंद्याचं नाव म्हणून. पण तुम्ही पायरी चुकत होता तेव्हा मी गप्प राहिले आणि गिऱ्हाइकासमोर तोंड उघडलं, ते उगाच नव्हे. मला अंतरपाट हवा होता, आप्पा. दहा वर्षं छत्री धरून माझे हात दुखले होते. तुम्ही "खरं हाय तुझं" म्हणालात तेव्हा मला वाईट वाटलं, पण ते नंतर. त्या क्षणाला, आधी, मला बरं वाटलं होतं.