फाटकावरचं अक्षर

प्रिय दादा,

कारखान्याच्या फाटकावरचं माझं अक्षर काढून ने, असं तू बजावलं आहेस. नाही नेणार. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

माझ्या अक्षरांवर तुझा राग जुनाच. लहानपणी मी पट्टीने आखायला बसले की तू विचारायचास, अक्षरं काढतेस की खिडक्या? पुढे तूच मला तुमच्या कपड्यांच्या लेबलांचं काम मिळवून दिलंस आणि मी हवी तेवढी गोलमटोल अक्षरं काढली. हे अक्षर मात्र जाड, कोनदार; अनुस्वारसुद्धा चौकोनी. पानभर लिहिलं तर डोळे दुखतील, पण तीनच शब्द द्या, रस्त्यापलीकडून वाचता येतात. ‘मागचं दार उघडा.’ त्याला कुजबुजता येत नाही, म्हणूनच ते मला आवडतं.

धूर झाला त्या दिवशी शिलाईच्या हॉलचं मागचं दार कुलूपबंद होतं. साऱ्या बायका पुढच्या दारावर लोटल्या, इस्त्रीवाली मावशी चेंगरली, तिचं मनगट मोडलं. ते दार उघडं ठेवा, असं बायकांनी तुला तोंडी सांगितलं, मग अर्ज दिला. मॅनेजर म्हणून तू सांगितलंस की मालक ऐकत नाहीत. मग त्या माझ्याकडे आल्या. त्यांना खोक्यांच्या पुठ्ठ्यातून साचे कापून स्वतःच बोर्ड रंगवायचे होते. माझ्या गोल अक्षरांवर ब्लेड घसरायचं. सरळ काप कुणालाही जमतो, म्हणून मी सगळी वळणं मोडली. ‘ड’ने फार छळलं. ‘च’मध्ये आतला तुकडा धरून ठेवणारी पुठ्ठ्याची पट्टी सोडायला मीच विसरले, साचा उचलला तर त्याचं पोटच गळून पडलं. बायका हसून हसून बेजार झाल्या.

अक्षर उद्धट दिसतं म्हणतोस. दिसू दे. वळणदार अक्षरातला अर्ज तुझ्या टेबलावर पडलाच आहे की. घराण्याचं नाव जातं म्हणतोस. ते मावशीच्या मनगटाहून नाजूक असेल तर जाऊ दे. तरी तुला कुणी वाईट म्हटलं की मी अजून भांडते. माझा भाऊ हुकमाचा ताबेदार आहे, त्याच्या हातात काही नाही, असं सांगते.

खरं तर लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. लेबलांचं काम मी आज सोडलं. उद्या सकाळी फाटकासमोर बोर्ड धरून मी सगळ्या बायकांच्या पुढे असेन, आणि हे तुला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. अजून एक. त्या दिवशी वहिनीने तुझा धुरकटलेला शर्ट धुवायला घेतला, तेव्हा माझ्यासमोरच खिशातून किल्ली पडली. कसली, ते तिला कळलं नाही. मला कळलं. बायकांना वाटतं ती मालकांकडे असते. उद्या येताना ती घेऊन ये आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने दार उघड. नाही उघडलंस, तर ती कोणाच्या खिशात असते ते मी तिथेच सांगेन.

तुझीच,
धाकटी