आणेकरीण वर्गाची जहाजं

पुणे, १२ फेब्रुवारी २०२५

ती. बाळासाहेब मामांस,
वृषालीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर बोटाने लिहिणं म्हणजे भाषेला चिमटे काढणं असं तुमचं मत. म्हणून हे पत्र. इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. तिने विचारलं आहे की कानाचं यंत्र तुम्ही लावता, की देव्हाऱ्यात ठेवून त्याची पूजा करता?

आता कामाचं. आमची कंपनी संगणकावरचा डावपेचांचा एक खेळ बनवते आहे. खेळणारा ग्रह ताब्यात घेतो, तिथे कारखाने उभारतो, अंतराळजहाजं बांधतो आणि ती दुसऱ्याच्या जहाजांवर सोडतो. जहाजांचे सहा वर्ग आहेत. टेहळणीचं, लढाऊ, महालढाऊ, लहान विमानं वाहून नेणारं, मालवाहू आणि दुरुस्तीचं. प्रत्येक वर्गाला एक नाव हवं आहे. आरमारांत अशी रीत असते की वर्गातलं पहिलं जहाज बांधून झालं की त्याचंच नाव पुढच्या सगळ्या वर्गाला लागतं.

आमची प्रमुख नीलम हिने वज्र, त्रिशूल, गदा अशी नावं काढली आहेत. ती ऐकून मला जांभई आली, आणि मी बोलून बसले की जुन्नर-आंबेगावात ज्यांच्या भाषणाला लोक जेवणं टाकून येतात ते माझे मामा आहेत, त्यांना विचारते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नावं पक्की होतील. तोवर काही सुचलं नाही तर शस्त्रं ठरलेली.

मामीला नमस्कार. माझ्यावर रागावलात तरी उत्तर पाठवण्याइतका जीव असू द्या.

तुमची,
वृषाली


डिंगोरे, ९ मार्च २०२५

चि. वृषालीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

यंत्र लावतो. त्यातून माणसांपेक्षा मोटारसायकली जास्त ऐकू येतात, म्हणून खिशात ठेवतो. तुझ्या आईला सांग, खिसा हृदयाजवळ असतो.

तुझ्या नीलमची नावं वाचली. जगातल्या प्रत्येक सत्तेने आपल्या नौकांना एक तर शस्त्रांची नावं दिली, नाही तर राजांची. कापणाऱ्याचं नाव आणि कापायला सांगणाऱ्याचं नाव. भात शिजवणाऱ्याचं नाव कोणत्याही नौकेवर नाही. तुम्ही नवं आकाश रचायला बसलात आणि त्यात पुन्हा तीच जुनी गदा टांगता, याची तुम्हांला लाज वाटली पाहिजे.

काल महिला दिन होता. मारुतीच्या सभामंडपात बचत गटाचा कार्यक्रम झाला आणि मला बोलायला बोलावलं होतं. मी म्हणालो की आपल्याकडे सून उंबरा ओलांडते आणि तिचं नाव बाहेर राहतं. आण्याहून आली की आणेकरीण, बेल्ह्याहून आली की बेल्हेकरीण. बाजारातून आलेल्या पोत्यावर गावाचा शिक्का असतो तसा. रेशनकार्डावर नाव आहे, पण कुणाच्या तोंडात नाही. मग मी जाहीर केलं की माझी भाची आकाशात आरमार उभं करते आहे आणि या मंडपातल्या प्रत्येक बाईच्या नावाचं एक जहाज त्यात असेल. कुणाला वगळणार नाही.

एवढा गलबला उठला की यंत्र खिशात असूनही मला तो जाणवला. अशी दाद कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. घरी येऊन लगेच नावं लिहून काढली, ती सोबत पाठवतो. पहिलं तुझ्या मामीचं, कुशाबाई. मग गोजरबाई, प्रयागबाई आणि पुढच्या साऱ्या. चंपालालशेठच्या सुंदरबाईही आहेत. दुकान सोडून त्या खास आल्या होत्या.

आता तुझ्या कंपनीने मान ताठ ठेवावी. मामावरचा विश्वास वाढता राहो.

बाळासाहेब


पुणे, १४ मार्च २०२५

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार, आणि तो घातल्यावर उठायची हिंमत होत नाही.

मामा, माझं लिहिणं अपुरं पडलं. वर्ग म्हणजे एक जहाज नव्हे. एका वर्गाची जहाजं एकाच साच्यातून निघतात. खेळणारा सकाळी शंभर बांधतो आणि दुपारी त्यातली नव्वद गमावतो. सुट्या जहाजाला नाव नसतंच. नावं फक्त सहा आहेत. तुमच्या सोबतच्या कागदावर मंडपभर बायका आहेत.

मी नीलमला तो कागद दाखवला. ती आधी हसली. मग तिने विचारलं की दुरुस्तीचं जहाज यांतली कोणती बाई होईल? म्हणजे तिला नावं नापसंत नाहीत. पण सहाच्या वर एकही घ्यायला ती तयार नाही आणि त्यात तिचं चुकत नाही.

तेव्हा तुम्हीच सहा निवडा. निवडणं जमत नसेल तर बायकांना सांगून टाका की भाचीने नीट समजावलं नव्हतं. दोष माझ्यावर ढकला, मी पुण्यात आहे, मला काही ऐकू येणार नाही.

आई म्हणते की तुम्ही लहानपणी सगळ्या आळीला बोरं वाटायचं कबूल करून यायचात आणि घरी बोरं नसायची. हे मी फक्त कळवते आहे. लोभ आटू देऊ नका.

तुमची,
वृषाली


डिंगोरे, २२ मार्च २०२५

चि. वृषालीस,
आशीर्वाद आहेतच, पण या खेपेस थोडे कोरडे.

बोरांची गोष्ट खरी आहे. ती मी नंतर आणून वाटली होती, हे तुझी आई सांगत नाही.

सहा निवडणार नाही. सहा निवडली की उरलेल्यांना मी स्वतः नाकारलं असं होतं. आणि सुट्या जहाजाला नाव नसतंच हे तू ज्या सहजपणाने लिहितेस, त्यावर मला बोलायचं आहे. ज्याला नाव नाही ते खर्ची घालताना हात कचरत नाही. आपल्या गोठ्यातल्या प्रत्येक बैलाला नाव आहे, प्रत्येक वावराला आहे, विहिरीला आहे. कोंबड्यांना नाही, आणि कोंबड्यांचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तुमचा खेळणारा दुपारपर्यंत नव्वद जहाजं गमावतो आणि जेवायला बसतो, कारण त्याला ती कोंबड्यांसारखी दिली आहेत. प्रत्येकाला नाव देऊन पाहा. त्याचा घास अडतो की नाही ते मला कळव.

राहिला माझा शब्द. आयुष्यभर मी माइकवरून लोकांना दिलेला शब्द पाळा म्हणून सांगत आलो. आता गिरणीपाशी गोजरबाई भेटली, तिने हातवारे करून काहीतरी विचारलं, आणि मी नुसती मान हलवून सायकलवर बसलो. मी असा पळणारा माणूस नाही. बायकांना दिलेला शब्द मोडला तर मी पुन्हा कोणत्याही सभेत उभा राहणार नाही. हे रागाने लिहीत नाही, ठरवून लिहितो आहे.

तुझ्या हातात असेल ते कर. आमची आठवण असू दे.

बाळासाहेब


डिंगोरे, २४ मार्च

चि. वृषालीला मामीचा लई लई आशीर्वाद.

तुमच्या दोघांची पत्रं मी वाचते. मामांना वाटतं मला त्यात गोडी न्हाई. पाकीट टपालात टाकायला माझ्याकडंच देत्यात, मंग वाचू नको तर काय करू.

त्या दिशी मंडपात गलबला झाला तो टाळ्यांचा नव्हता गं. गोजरबाई मोठ्यांदा म्हनली का गुरुजी, आमची नावं आभाळात नगं, आमी हितंच बऱ्या. प्रयागबाईचा नातू मोबाइलवर असलंच खेळतो, तिला ठाव हाय त्यात काय व्हतं. ती म्हनली, म्हंजी कुनाचं बी पोरगं उठनार आन् जेवायच्या आधी प्रयागबाईला फोडनार? मंग समद्याच बोलाया लागल्या. मामा आपले हात जोडून हसत व्हते. यंत्र खिशात. आता ते बायकांना तोंड चुकवत्यात आन् बायका त्यांना शोधत्यात, का एकदाचं नाव काढून टाका म्हनावं. कुनी त्यांना समोर बोलत न्हाई. लई बोलले त्या दिशी, जीव लावून बोलले, मन मोडवत न्हाई.

पोत्याचा शिक्का म्हनले ते मला पटलं न्हाई. आणेकरीण, बेल्हेकरीण ही नावं पुरुषांनी ठेवली न्हाईत. आमच्या भावकीत तीन हौसा व्हत्या. खुरपायला गेलं आन् हाक मारली का तिघी बी वळायच्या. मंग आमीच एकमेकींना गाव लावलं. मी आले तवा आण्याची एक म्हातारी हितं व्हती, ती थोरली आणेकरीण आन् मी धाकटी. ती गेली, मी थोरली झाले. आता भावकीतल्या सोपानची सून आण्याची आली, ती धाकटी. एक गेली तर दुसरी उभी राहती, गाव काय संपत न्हाई. सुंदरबाईला समदे मारवाडीन म्हनत्यात, पर तिचा जलम मंचरचा. आमी तिला मंचरकरीणच म्हनतो, तिला बरं वाटतं.

तू वर्ग वर्ग म्हनतीस ते ह्याच्यापरीस काय येगळं हाय? जहाज जिथं बांधलं तिथली ती. आणेकरीण फुटली तर दुसरी आणेकरीण येईल. त्यात कुना एकीचा अपशकुन व्हत न्हाई.

आन् एक. मामांनी माझं नाव पयलं घातलं, कुशाबाई. ते माझं न्हाई. माहेरी मी लंका. लग्नात सासूबाईंनी बदललं, म्हनल्या लंका घरात आली तर घर जळायचं. मामा तवा नवे मास्तर व्हते, मांडवात बी कुनाशी तरी हुंड्यावर वाद घालत व्हते. त्यांचं ध्यान नव्हतं. मला राग न्हाई. पर दुसऱ्यांची नावं वर न्यायची तर घरात एकदा इचारायचं. हे तू त्यांना लिहू नगंस. सांगायचं वाटंल तवा मी सांगीन.

पोटाला खात जा. माया हाय तशी ठेव.

तुझी मामी


पुणे, ३० मार्च २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामीचं पत्र आलं. तिने एक रीत सुचवली, ती मी नीलमपुढे मांडली. आमच्या खेळात खेळणारा सहा कारखाने उभारतो आणि प्रत्येकातून एकाच वर्गाची जहाजं निघतात. त्या कारखान्यांना तिकडच्या गावांची नावं द्यायची आणि वर्गाला त्या गावाची लेक म्हणायचं. आणेकरीण, बेल्हेकरीण, ओतूरकरीण, मंचरकरीण, घोडेगावकरीण, नारायणगावकरीण. वर्गातलं पहिलं जहाज थोरली, ताजं ते धाकटी. थोरली पडली की पुढची आपोआप थोरली होते.

नीलमने सहाही नावं कागदावर उतरवून पाहिली. मग म्हणाली की नावावरून जहाज कुठून आलं ते कळतं, म्हणजे कोणता कारखाना वाचवायचा हेही कळतं, आणि असं नाव तिने कोणत्याच खेळात पाहिलं नाही. तिची संमती आहे.

पण ज्या नावांना तुम्ही पोत्यावरचा शिक्का म्हणालात तीच ही नावं आहेत. तुमचा होकार नसेल तर मी ती देणार नाही. मग शस्त्रं येतील. आणि कोणतीही नावं आली तरी बायकांना दिलेला शब्द मोडणारच आहे. तो त्यांच्यापुढे तुम्हांलाच मोडावा लागेल. मंडपात त्या दिवशी नेमकं काय झालं ते मामीला विचारा. यंत्र लावून विचारा.

मी वाट पाहते. कमी-जास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.

तुमची,
वृषाली


डिंगोरे, ६ एप्रिल २०२५

चि. वृषालीस,
उभयतांचे आशीर्वाद.

मामीला विचारलं. ती सांगत असताना मी दोनदा यंत्र काढलं आणि तिने दोनदा परत लावलं. त्यानंतर तुझ्यावर रागावलो, कारण रीत तिने तुला सुचवली, मला नाही. तो राग अजून आहे, पण त्याचा उपयोग काही दिसत नाही.

काल गटाची बैठक होती. माइक घेतला नाही. उभं राहून सांगितलं की न विचारता शब्द दिला, तो पाळता येत नाही, आणि आता तुमच्या माहेरांची नावं जाणार आहेत. एवढंच बोललो. गोजरबाईने देवाला हात जोडले. लगेच भांडण लागलं. बेल्ह्याला जनावरांचा बाजार म्हणून मी मालवाहू जहाज बेल्हेकरणींना सुचवलं, तर त्या खवळल्या की आयुष्यभर ओझी वाहिली, आता आभाळातही आम्हीच का? त्यांना महालढाऊ हवं होतं. ओतूरकरणींनाही तेच हवं होतं. शेवटी मालवाहू आणेकरणींनी आपण होऊन घेतलं. तुझी मामी म्हणाली की लढायला गेलेल्यांना भाकरी कुणीतरी पोचवलीच पाहिजे. ठरलेली वाटणी मागच्या पानावर आहे. माझा होकार आहे. त्या नावांबद्दल मंचावरून जे बोललो ते मी मागे घेतलं.

मग मी म्हणालो की मी तुमची नावं न विचारता लिहिली होती, तर आता जिचं तिने सांगा, खेळासाठी नाही, नुसतं मला. मंडपात यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून ते काढलं. मामी डाव्या कानाशी बसली आणि प्रत्येकीचं नाव मला कानात सांगत गेली. कितीतरी जणींची माहेरची नावं वेगळी निघाली. याच बायकांपुढे मी त्यांच्या नावांवर भाषण केलं होतं. यातलं काही मी लिहून घेतलं नाही.

सगळ्या संपल्या. बायका चपला शोधत होत्या. मामी उठली नाही. पुन्हा कानाशी वाकली आणि आणखी एक नाव तिने सांगितलं.

ते मी तुला कळवणार नाही. रात्री जेवताना एकदा त्या नावाने हाक मारून पाहिली. तिने मान वर न करता आमटी वाढली, पण नेहमीपेक्षा जास्त वाढली.

हे पत्र टपालात पडायच्या आधी ती वाचेल, म्हणून इथेच थांबतो. येत जा.

बाळासाहेब