सृष्टीचं दप्तर

बडोदा, २८ जून

दादा, तुम्हाला आणि वहिनींना वाकून नमस्कार.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आपण ओसरीत बसून माझ्या वह्यांना खाकी कव्हरं घालायचो, आठवतं? खळ तुम्ही शिजवायचात आणि अर्धी केसांना लावून घ्यायचात.

माझा गुडघा बरा आहे, काळजी नको. वहिनींचा खोकला थांबला का?

कार्यक्रमाचे फोटो पाहिले. मी दप्तरं पाठवली ती गावातल्या पोरींच्या हातात द्यायला. तुम्ही मांडव घातलात, माझ्या नावाचा फलक लावलात. धाराशिवचे पाहुणे येईपर्यंत पोरी दोन तास उन्हात बसल्या, आणि मग माईकवर प्रत्येकीच्या नावाआधी 'निराधार'.

काल सृष्टीच्या आईचा, कस्तुराबाईचा फोन आला. "ताई, तिचा बाप न्हाय, पण म्या हाय की जित्ती. मग माझी लेक निराधार कशी?" सृष्टी कार्यक्रमापासून शाळेत गेलेली नाही. सातवीतली पोर, दप्तर परत न्या म्हणते.

कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात शिकताना माझे बूट फाटले, तेव्हा सिस्टरांनी नवा जोड गुपचूप माझ्या खाटेखाली ठेवला होता. कुणाजवळ बोलल्या नाहीत. दप्तरं पाठवताना हे तुम्हाला सांगायला हवं होतं. मलाही फलक आवडला असता, दादा, म्हणूनच जास्त लागतंय.

आता एवढं करा. उरलेली चार दप्तरं शाळेतल्या बाईंना द्या, कुणाला द्यायची ते त्या बघतील. पाहुण्यांना शाल मिळालीच आहे. कस्तुराबाईची माफी मागा, माझ्या वतीनं आणि तुमच्याही. तिच्या दारात जाऊन, एकट्यानं.

तुमची धाकटी,
चंद्रप्रभा