काजळसाठी अर्नाळ्याचं लाकूड

१५ फेब्रु., रवि.
सकाळी मनूचा फोन, पुण्याहून. पहिली चौकशी काजळची, मग आईच्या, म्हणजे सु.च्या गुडघ्याची, मी तिसरा. लग्नाला दोन महिने झाले तरी लेकीचा क्रम तोच. "खाते ना ती?" "खाते की," म्हणालो. चक्क खोटं. मनू सासरी गेल्यापासून तिचा हा मासा फिल्टरच्या मागे तोंड खुपसून उभा. काळी एंजल, सात वर्षांची, म्हणजे तशी म्हातारीच. आठवडाभर दाण्याला नीट शिवलेली नाही. मनू ५ एप्रिलला येणार. तोवर हिला काही झालं तर मी पोरीला काय तोंड दाखवू?

१७ फेब्रु.
स्टेशनजवळच्या मासेवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, टाकी उघडीबोडकी आहे. एंजलला आडोसा लागतो. लाकूड टाका एखादं." त्याच्याकडचं लाकूड सिमेंटचं, वर चॉकलेटी रंग. आमच्या शोकेसमध्येही ठेवलं नसतं. समुद्र एवढा जवळ आहे, आणू की आपण.

२२ फेब्रु., रवि.
सु.ला फिरायला म्हणून अर्नाळ्याला नेलं. भरतीच्या रेषेवर सापडलं. हातभर, गुळगुळीत, मध्ये फाटा फुटलेला, खाली छान पोकळ. मला तर बघताक्षणी काजळ त्यात उभी दिसली. बोंबील वाळत घालणारी एक म्हातारी बघत होती.
"चुलीला नेतंस?"
"माशाच्या टाकीला."
"मासा खायाचा का बघायचा?"
"बघायचा."
खूप हसली. मग म्हणाली, "मंग पानी पाज त्याला. पोट भरलं का आपोआप बसंल तलाला."
येताना एस.टी.त सु. माझ्यापासून दोन सीट पुढे जाऊन बसली. लाकूड माझ्या मांडीवर.

२३ फेब्रु.
नारळाच्या शेंडीने घासलं. बादलीत टाकलं तर तरंगतंय, दगड ठेवला तर दगड घसरतो. उकळायला सु.कडे पातेलं मागितलं. "माझ्या स्वयंपाकघरात समुद्राचा कचरा शिजणार नाही." ठीक. माळ्यावरून आईचा तांब्याचा हंडा काढला, चिंचेने लख्ख केला. तांब्यातलं पाणी शुद्ध, आई जन्मभर तेच प्यायली. स्टोव्ह गॅलरीत. दोन तास उकळलं. पाणी कोऱ्या चहासारखं.

१ मार्च, रवि.
लाकूड हंड्यातच भिजतंय. रोज पाणी बदलतो, पण आधी चव घेतो, खारट लागतं का म्हणून. सु.ने आज पाहिलं. कपाळाला हात लावला. नळाला एक दिवसाआड पाणी आणि माझी ही चैन, म्हणून काढलेलं पाणी फरशीला वापरते. हॉलची पांढरी फरशी पिवळट दिसायला लागली आहे, त्याचाही दोष माझ्याकडे.
मनूचा फोन. "मजेत आहे," म्हणालो.

८ मार्च, रवि.
खारटपणा गेला. पण बुडत नाही. चौदा दिवस पाणी पाजतोय, पोट कसलं भरत नाही. शहाबादी फरशीचा तुकडा आणला, नायलॉनच्या दोऱ्याने बांधणार. टाकीत वरून घालायचं पाणीही आता रात्रभर हंड्यात ठेवतो. आई प्यायची तसं, म्हटलं, तीही पिऊ दे.

१५ मार्च, रवि.
लाकूड टाकीत. काजळने एक फेरी मारली, दुसरी मारली आणि फाट्यात जाऊन उभी राहिली. मी खुर्ची ओढून बसलो. सु. पदराला हात पुसत आली. "बरी दिसते," म्हणाली. सु.कडून एवढं म्हणजे फार झालं.

१७ मार्च
काजळ वर येऊन तोंड उघडझाप करतेय. पंख अंगाशी मिटलेले. सकाळी एका अंगावर कलली होती, वाटलं गेलीच. घाईघाईने हंड्यातलं ताजं पाणी आणखी घातलं. अजून वाईट.

१८ मार्च
दुकान उघडायच्या आधीच दारात उभा. सगळं सांगितलं. हंड्याचं ऐकून मासेवाल्याने हातातली जाळी खाली ठेवली. "काका, तांबं? माशाला तांबं म्हणजे विष."
मीच. दहा दिवस, रोज, प्रेमाने.
टाकीतलं सगळं पाणी लगेच बदला म्हणाला. आज नळाचा दिवस नाही, टँकर आला नाही. घरी येऊन सु.ला सांगितलं आणि नुसता उभा राहिलो. सु.ने मोरीतलं साठवणीचं पिंप उघडलं. उद्यापर्यंतचं सगळं पाणी होतं ते. "काढा लवकर," म्हणाली. "आंघोळीवाचून आपण मरत नाही." बादल्या तिने उचलल्या, तो गुडघा घेऊन. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे लिहून ठेवतो, तिला सांगणं होणार नाही.

२१ मार्च
काजळ सरळ उभी राहते. खात नाही.
लाकूड टाकून देणार होतो. मासेवाला म्हणतो, पुन्हा उकळा, प्लॅस्टिकच्या टबात भिजवा, आधी त्यात दोन गप्पी मासे सोडून बघा. उकळायला सु.ने स्वतः मोठं स्टीलचं पातेलं काढून दिलं. म्हणाली, "आता ते माशाचंच समजा."

२९ मार्च, रवि.
गप्पी आठवडाभर जिवंत, हुंदडतायत. सकाळी टबात बघतो तर लाकूड तळाला. दोरा नाही, फरशी नाही. आपण होऊन बसलंय. अर्नाळ्याची म्हातारी आठवली. लाकूड परत टाकीत. मी गेले आठवडाभर रोज सकाळी हाक म्हणून खोकत येतो आणि दाणा टाकतो. आज खोकलो तर काजळ फाट्यातून बाहेर आली आणि पाच दाणे खाल्ले. मोजले.
संध्याकाळी मनूचा फोन. नव्या घरात टाकीला जागा केली आहे. "बाबा, येईन तेव्हा काजळला घेऊन जाईन. तुमच्यामागची कटकट गेली." "हो, बरं होईल," म्हणालो. फोन ठेवला तर सु. माझ्याकडे बघत होती.

५ एप्रिल, रवि.
मनू आली. बॅग एक आणि झाकणाचा मोठा कॅन एक, झाकणाला भोकं पाडलेली. चपला काढायच्या आधी टाकीपाशी. नेहमीसारखी काचेवर टकटक केली, हाका मारल्या. काजळ लाकडातून हलली नाही. पोरीचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं आणि, लिहितो खरं, थोडं बरंही. मग खरोखरच खोकला आला मला. काजळ बाहेर आली, थेट माझ्या बाजूच्या काचेशी.
मनू वळून बघत राहिली. "तुमचा खोकला ओळखते ती."
मग सांगून टाकलं सगळं, हंड्यापासून पिंपापर्यंत. ती चिडेल वाटलं होतं. म्हणाली, "दहावीत मी तिला साबणाच्या बादलीत ठेवलं होतं. मेली असं समजून रडत बसले होते. तुम्हाला कधी सांगितलंच नाही."
उद्या दहाची गाडी. कॅन दाराशी आहे, अजून रिकामाच. संध्याकाळी सु.ने पिंप भरून ठेवलं. कशासाठी विचारलं, तर म्हणाली, "कॅनला लागेल, नाहीतर टाकीला लागेल."