तेरातल्या सहा

५ नोव्हेंबर, मंगळवार

सात जणी गेल्या! केंड्राने जर्सी नीट घडी घालून बाकावर ठेवली, मग तिच्यामागे एकेक करत बाकीच्या सहा. कुणी रडलं नाही. केंड्रा कप्तान, तिला भाषण येतं. "स्ट्रँड सर परत येईपर्यंत आम्ही एल्डर लेक कॉलेजकडून बास्केटबॉल खेळणार नाही. ज्यांना लाज आहे त्या आमच्याबरोबर येतील."

लाज नसलेल्या सहा उरलो. रॉनी कोवाल्स्की, आमची सेंटर – सहा फूट दोन इंच, आवाज त्याहून उंच. हमदी – दिवसात चार वाक्यं बोलली तर खूप झालं. पलोमा. डाल्के जुळ्या, जून आणि फेय, गाईंच्या धारा काढून थेट कोर्टावर आल्यासारख्या. आणि मी.

क्रीडा विभागाच्या प्रमुखांनी उभ्या उभ्या सांगितलं – तक्रार आली होती, चौकशी झाली, कोच स्ट्रँड आता इथे नाहीत. सव्वीस वर्षं, जिमच्या भिंतीवर अकरा विजयाचे झेंडे, आणि तीन वाक्यांत सगळं संपलं. तक्रार कुणाची, ते सांगणार नाही. सहा जणींवर हंगाम खेळायचा का, ते गुरुवारपर्यंत कळवा.

रॉनीने कपाटावर लाथ घातली. "जिने हे केलं तिचं तोंड मला एकदा बघायचंय!"

मी बुटाची नाडी बांधत बसले. ती बांधलेलीच होती.

पत्र मी लिहिलं. इथे लिहून ठेवते, कारण बोलायची सोय कुठेच नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

सगळंच लिहू.

मॅरेन पहिल्या वर्षाची. ऑक्टोबरमध्ये सरावात रॉनी आणि ती एकाच चेंडूवर उडाल्या आणि रॉनीचं कोपर मॅरेनच्या कानशिलावर बसलं. चुकून. मॅरेन उठली आणि भलत्याच बाजूला चालायला लागली, भिंतीकडे. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिग्नी, तिला आत ने. फिजिओला सांग, पाय घसरला, ती ठीक आहे. शनिवारी मला ती हवी आहे."

मी नेलं. मी सांगितलं. ठीक आहे म्हणाले. मी!

शनिवारच्या सरावसामन्यात तिला पुन्हा लागलं, या वेळी जमिनीवर. आता ती घरी असते, पडदे ओढून. या वर्षीचं कॉलेज गेलं.

तेव्हा पत्र लिहिलं म्हणून मी काही शूर वगैरे नाही. आधी खोटं बोलले, मग खरं लिहिलं.

७ नोव्हेंबर

कळवलं. खेळणार! सहापैकी सहा हात वर.

कोच मिळेना. स्ट्रँड सरांच्या जागी उभं राहून गावाचा रोष कोण ओढवून घेणार? शेवटी गणिताच्या टिबेट्सबाई तयार झाल्या. एकोणीस वर्षं टेबलाशी बसून आमच्या स्कोअरची वही ठेवतात. शिट्टी वाजवायला गेल्या तर हवाच बाहेर आली. म्हणाल्या, "मला शिकवता येत नाही. मोजता येतं. बघू या."

८ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला सामना, घरच्या कोर्टावर. ८३–४२. आम्ही बेचाळीस.

त्या सात जणी प्रेक्षकांत बसल्या होत्या, सरांचं नाव छापलेले टीशर्ट घालून. आम्ही चेंडू घेतला की पाठ फिरवायच्या, सातही एकदम, कवायतीसारख्या. शेजारची माणसंही मग त्यांच्यासारखं करायला लागली. त्यात आमच्या बँकेतला बुटका कॅशियर होता! मला लहानपणी चॉकलेट देणारा!

टिबेट्सबाई सामन्यानंतर म्हणाल्या, "पाठ फिरवून त्यांना कसं कळलं आपण किती वाईट खेळलो?"

हमदी हसली. पहिल्यांदा बघितलं तिला हसताना.

९ नोव्हेंबर

जिना उतरताना कठड्याला धरून उतरले. सहा जणींचा खेळ म्हणजे बाकावर एकच. चाळीस मिनिटांत मी दोन मिनिटं बसले.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

टिबेट्सबाईंनी फळ्यावर आमची लायकी मांडली. कोण कुठून मारते आणि किती पडतात. "पलोमा, डाव्या कोपऱ्यातून शंभरात अकरा. तो कोपरा विसर. फेय, तू बोर्डाखाली उभी असलीस की शंभरात एकसष्ट, पण तू तिथे जातच नाहीस. का?"

फेय लाल झाली. "तिथे धक्काबुक्की होते, बाई."

"तू गाईंच्या गोठ्यात वाढलीस ना?"

रॉनी जमिनीवर लोळून हसली. मग कपडे बदलताना पुन्हा तेच सुरू – "ती चहाडखोर या खोलीतच आहे, मला वास येतो." तिच्याकडे न बघता केस विंचरले. उजव्या हाताचा कंगवा डाव्या हातात कधी आला कळलं नाही.

रॉनी माझी मैत्रीण आहे. हेच तर आहे सगळं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आजचं नीट लिहायचंय.

ग्रॅनाइट हिलला सामना, तीन तास व्हॅनने, बाहेर बर्फाची पहिली भुरभुर. तिसऱ्या डावात जूनचा पाय मुरगळला. चौथ्यात पलोमाचे पाच फाउल झाले, ती बाहेर. घड्याळात चार मिनिटं दहा सेकंद, कोर्टावर आम्ही चौघी. आमच्या बाकावर एक सुजलेला घोटा आणि एक रडणारी पलोमा.

त्यांची कोच भली बाई. टिबेट्सबाईंकडे चालत आली, हळू बोलली, पण आम्ही ऐकलंच. "मी माझी एक मुलगी खाली बसवते. चौघीविरुद्ध चौघी. बरोबरीचं होईल."

टिबेट्सबाई आमच्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा."

मी घाम पुसत होते. रॉनी म्हणाली, "बाई, त्यांना थँक्यू म्हणा. आणि पाच उभ्या करायला सांगा."

"नक्की?"

"आमच्यावर दया दाखवायला गावात माणसं कमी आहेत का? इतक्या लांब तीन तास कशाला यायचं?"

पाच उभ्या केल्या. आम्ही पेटीसारखा चौकोन करून उभ्या राहिलो. फेय बोर्डाखाली गेली – गेली एकदाची! हमदीचा हिजाब मागून कुणीतरी ओढला, पंचांना दिसलं नाही, ती तो सरळ करून तशीच धावली. शेवटच्या चार मिनिटांत ७–६. सात आमचे!

सामना सतरा गुणांनी हरलो. पण त्यांचे लोक उभे राहिले. आपल्या गावात पाठी बघितल्या, इथे परक्यांनी टाळ्या वाजवल्या.

व्हॅनमध्ये पलोमा अजून रडत होती. जूनने सुजलेला पाय तिच्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "रडायचंच आहे तर याच्यावर रड. थंड पाणी लागतंच आहे."

१७ नोव्हेंबर

आईचा फोन. तिला वर्तमानपत्रातून कळलं चौघी खेळलो ते. "तुम्ही कशाला स्वतःचं हसं करून घेताय? केंड्राबरोबर का नाही गेलीस?"

आई सरांच्या पहिल्या विजेत्या संघात होती. जिमच्या बोळात तिचा फोटो आहे, ट्रॉफीचा डावा कान धरलेला. "त्या माणसाने मला घडवलं," हे वाक्य मी चालायला शिकायच्या आधी ऐकलं असेन.

नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला. नेटवर्क होतं.

२० नोव्हेंबर, बुधवार

आमच्या कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर कुणीतरी काळ्या रंगाने लिहिलंय – "सहांतली एक चहाडखोर." अक्षरं हातभर.

जून टर्पेंटाइन आणायला निघाली. रॉनीने तिला अडवलं. "राहू दे."

"अगं, पण—"

"राहू दे म्हणते ना! रोज याखालून सहाही जणी जाऊ या. बघू कुणाला लाज वाटते."

मला वाटलं, तिला कळलं. तिच्याकडे बघितलं. ती दाराकडेच बघत होती.

२३ नोव्हेंबर, शनिवार

जिंकलो!!! ६१–५८!

जून बाकावर, घोट्याला पट्टा, कामापुरतीच खेळली. फेयचे बोर्डाखालून बावीस गुण. बावीस! शिट्टी झाल्यावर तिला कळेचना काय करायचं, तिने पंचांशीच हस्तांदोलन केलं, दोनदा. टिबेट्सबाईंनी वहीत आकडा लिहिला, मग पेन ठेवलं आणि थोडा वेळ हात कपाळाला लावून बसल्या.

बँकेतल्या कॅशियरने या वेळी पाठ फिरवली नाही. टाळीही वाजवली नाही. चालेल.

२६ नोव्हेंबर

मॅरेनचा निरोप. आता सलग दहा मिनिटं वाचता येतं, मग अक्षरं हलतात. "तुम्ही जिंकलात ते आईने वाचून दाखवलं. रॉनीला सांग, मला तिचा राग नाही."

रॉनीला सांगितलं. ती आंघोळीला गेली, अर्धा तास बाहेर आली नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

घरी. थँक्सगिव्हिंग. बाबा आणि काका तळं गोठलंय का बघायला गेले, मी आणि आई लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, करायला बसलो. ती लाटते, मी तव्यावर उलटते, दर वर्षी तसंच.

ती म्हणाली, "त्या मुलीचं नाव कळलं तर बरं होईल. सर किती खचलेत. जाडे होते, बघवत नाहीत आता."

मी म्हणाले, "आई, ती मी."

लाटणं थांबलं. तव्यावरची करपायला लागली, तिचा वास घरभर. मी मॅरेनचं सांगितलं, भिंतीकडे चालत गेली तेही. फिजिओला मी काय सांगितलं तेही.

"तुला माहीत आहे ना ते माझे कोण आहेत?"

"हो."

"आणि तरी?"

"म्हणून तर आधी खोटं बोलले, आई."

ती पुन्हा लाटायला लागली. जेवताना बाबांशी बोलली, काकांशी बोलली. निघताना लेफ्साचा डबा माझ्या हातात दिला. दारात उभी राहिली, पण हात हलवला नाही.

रडले नाही. गाडीत डब्यातल्या तीन खाल्ल्या, कोरड्याच.

४ डिसेंबर, बुधवार

आजपासून साखळीचे सामने, म्हणजे खरे. समोर ब्रँट कॉलेज. जिम गच्च भरलेलं. आणि तिसऱ्या रांगेत, मधोमध, स्ट्रँड सर! आत आले तेव्हा अर्धं जिम उभं राहिलं.

जूनचा घोटा पुन्हा सुजलेला, म्हणजे आम्ही पाच. अगदी पाच. तरी बरोबरीत! दोन मिनिटं चाळीस सेकंद उरले असताना ५१–५१. मला विश्वास बसेना. समोरच्यांनाही बसेना.

मग हमदी चेंडूवर झेपावली आणि समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या डोक्याला लागला. ती उठली. लगेच उठली. "मी ठीक आहे," म्हणाली. सरळ चालत होती. डोळेही नीट. पण टिबेट्सबाई कोर्टावर आल्या.

"बस खाली."

"बाई, खरंच ठीक आहे मी! मी गेले तर चौघीच उरतील!"

"चार मला मोजता येतात. डोक्याच्या आतलं मोजता येत नाही. म्हणून बस."

सगळं जिम ओरडायला लागलं. खेळू द्या तिला! खेळू द्या! आणि त्या सगळ्यावरून तो आवाज, जो मी झोपेतही ओळखेन – "टिबेट्स, पोरगी ठीक आहे!"

टिबेट्सबाई सावकाश वळल्या. साठीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. "गॉर्डन," त्या म्हणाल्या, फार मोठ्यानेही नाही, "तुम्ही प्रेक्षकांत आहात."

हमदी बसली. फिजिओ तिच्यापाशी. आम्ही चौघी परत चौकोन करून उभ्या राहिलो. मी कधी अशी धावले नाही. रॉनीने एकदा दोघींच्या डोक्यावरून चेंडू काढला आणि ओरडली, शब्द नव्हताच तो, नुसती आरोळी. ५८–५५ हरलो. तीन गुणांनी!

वर बघितलं तेव्हा सरांची जागा रिकामी होती. केंड्रा तिथेच बसून होती. पाठ फिरवलेली नव्हती. ती हमदीकडे बघत होती.

५ डिसेंबर

हमदीला आठवडाभर विश्रांती. ती चिडलीय. बरं आहे, चिडायला डोकं जाग्यावर लागतं.

आता सांगायचंच. रॉनीने जीव घेतला तरी. त्या दारातून सहा जणी जातात आणि वरची शिवी माझ्या एकटीची आहे – हे मला चालणार नाही.

७ डिसेंबर, शनिवार

व्हॅनमध्ये सांगितलं. "पत्र मी लिहिलं. बावीस ऑक्टोबरला."

मग रॉनी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मी एकवीसला दिलं."

मला वाटलं, थट्टा. "मग इतके दिवस शिव्या कुणाला घालत होतीस?"

"मला. कोपर माझं होतं, सिग्नी. वाटलं, मी एकटीच आहे."

मागच्या सीटवरून हमदी म्हणाली, "मी वीसला."

जुळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. पलोमाने तोंडावर हात ठेवला. टिबेट्सबाईंनी गाडी हळूच रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, आणि आरशात आमच्याकडे बघितलं.

"तीन नाही," त्या म्हणाल्या. "चार. एक माझं."